कसब शिकावे, पण श्वास राखून

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या भागातील बरीच मुले हाताच्या कामाला लागतात. कोणी वेल्डिंग शिकतो, कोणी मोटार वायंडिंग, तर कोणी गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली जातो. रिसोडसारख्या गावी हे काम मोटारसायकलची सीट, जीप आणि ट्रॅक्टरच्या गाद्या यांपासून सुरू होते. हात बसला की मुलगा मोठ्या शहराकडे पाहू लागतो. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीज आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑडी गाड्या जोडल्या जातात. अशा गाड्यांच्या अस्सल कातडी सीटवर सुरकुती न पडता शिलाई घालणाऱ्या कारागिराला मानही मिळतो आणि पैसाही.

कसब चांगलेच आहे. मात्र ते शिकताना शरीराची कोणती किंमत मोजावी लागू शकते, हे मुलाला कोणी सांगत नाही. आजचा लेख त्यासाठीच.

इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने सन १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा कामधंदा काय?’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. हा प्रश्न आजही किती उपयोगी पडतो पाहा. माझ्याकडे एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, सायंकाळ झाली की डोकं लय दुखते, मळमळते. सुटीच्या दिवशी मात्र काहीच नाही होत.” त्याचा चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, पित्ताच्या गोळ्याही घेऊन झाल्या होत्या. काम विचारल्यावर उलगडा झाला. तो शटर अर्धे ओढलेल्या दुकानात दिवसभर फोमला सोल्युशन लावत असे. कामाच्या दिवशी त्रास आणि सुटीला आराम, ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सोल्युशनचा वास

रेक्झिन किंवा कातडे फोमला चिकटवण्याचे सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. या द्रावकात बहुधा टोल्युइन, हेक्झेन यांसारखी रसायने असतात. डबा उघडताच त्यांची वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि शिकाऊ पोरगा नेमका जमिनीवरच बसलेला असतो! वर छताजवळ झरोका असून फारसा उपयोग होत नाही, तो यामुळेच.

सुरुवातीला डोके जड होणे, चक्कर, डोळ्यांची आग, भूक मंदावणे अशी लक्षणे दिसतात. हेक्झेन मात्र याहून कपटी आहे. ते हातापायांच्या नसा खराब करते. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतील शक्ती गेली, तेव्हा त्यामागे गोंदातील हेक्झेन असल्याचे दिसून आले. पायाच्या बोटांना मुंग्या येणे, पायातील चप्पल निसटली तरी न समजणे, जिना चढताना पाय न उचलणे ही त्याची लक्षणे. काम थांबवल्यानंतरही काही आठवडे दुखणे वाढतच राहू शकते. म्हणून ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ असे म्हणू नये.

पूर्वी अशा गोंदात बेंझिन असे. इस्तंबूलमधील चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांत त्यामुळे रक्ताचा कर्करोग होत असल्याचे तेथील डॉ. अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. त्यामुळे लेबल नसलेले, सुटे मिळणारे सोल्युशन स्वस्त असले तरी घेऊ नये.

आणखी एक नाजूक बाब. काही मुलांना या वासाची चटक लागते. मुलगा एकलकोंडा झाला, कपड्यांना सतत सोल्युशनचा वास येऊ लागला, तर पालकांनी मारझोड न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. हे व्यसन मेंदू खराब करते आणि हृदय अचानक बंद पाडू शकते.

हात, पाठ आणि सुई

सीटच्या सांगाड्यावर कव्हर ताणून तारेच्या कड्या पक्कडीने दाबाव्या लागतात. त्यात अंगठा व मनगट यांवर फार जोर येतो. रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. कमानी करून गाडीत काम केल्याने कंबर धरते. क्रोमने कमावलेल्या कातड्यामुळे काहींच्या हातांना खाजरा इसब होतो. थिनर किंवा पेट्रोलने हात धुतल्यास कातडी फाटते. साबण आणि त्यानंतर थोडे खोबरेल पुरे.

मशीनची सुई बोटात शिरली तर जखम साबण-पाण्याने धुवावी. त्यावर सोल्युशन किंवा चुना लावू नये. सुईचे टोक आत तुटल्याची शंका असेल तर एक्स-रे काढावा. धनुर्वाताची लस (पूर्वीची टी.टी., आताची टी.डी.) १० व्या व १६ व्या वर्षी द्यायची असते. ती झाली आहे का, हे मुलाला कामावर पाठवण्यापूर्वीच पाहावे.

महागड्या गाडीचा धोका

अशा गाड्यांच्या सीटच्या कडेला बऱ्याचदा एअरबॅग असते. बॅटरीची तार न काढता सीट उघडल्यास ती तोंडावर फुटू शकते. सीटखालचे पिवळे जोड नवशिक्याने हाताळू नयेत. गाडीमालकांनीही लक्षात ठेवावे की, एअरबॅगवरून जाड कव्हर शिवून घेतल्यास अपघातात ती नीट उघडणार नाही.

एवढे अवश्य करा

१) सोल्युशन लावताना शटर पूर्ण उघडा. पंखा पाठीमागे ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल.

२) लागेल तेवढेच सोल्युशन वाटीत घ्या आणि डब्याचे झाकण लगेच लावा.

३) रुमालाने वाफ अडत नाही. कार्बनचा थर असलेला मास्क वापरा.

४) दुकानात विडी-सिगारेट नको. वाफ पेट घेते आणि जळता फोम विषारी धूर सोडतो.

५) गरम हवेच्या गनने रेक्झिन करपू देऊ नका. त्याचा धूर छातीला बाधतो.

६) तासाभराने पाच मिनिटे उठून बाहेर मोकळ्या हवेत जा. जेवण दुकानात नको.

उस्तादांनाही एक विनंती. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक काम देता येत नाही. १८ च्या आतील मुलाला माप घेणे, कापणे, शिलाई हे शिकवा. सोल्युशनचा डबा त्याच्या हाती देऊ नका. तुम्हाला स्वतःला कित्येक वर्षांत काही झाले नाही, हे खरे असेलही. पण बोटांना मुंग्या येत असतील तर तुम्हीही एकदा दाखवून घ्या.

चांगला कारागीर कातड्यावर नुसता हात फिरवून त्याची प्रत ओळखतो. ती जाण बोटांच्या टोकाशी असते. नसाच बधिर झाल्या तर मग शिकलेल्या कसबाचा उपयोग काय?