जुने प्लाझ्मा कटर, नवी टॉर्च : ग्रामीण कारागिरांनी घ्यावयाची दक्षता

पेनगंगेच्या दक्षिणेस वसलेला आदिलाबाद जिल्हा हा कापसाचा मुलूख. नदीपलीकडे महाराष्ट्र, त्यामुळे सीमेवरील अनेक गावांतून मराठी बोलली जाते. मृग नक्षत्र जवळ आले की वखर, डवरे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी फॅब्रिकेशनच्या दुकानांत येऊ लागतात. नेमक्या याच सुमारास जुन्या, स्वस्त प्लाझ्मा कटरची टॉर्च निकामी झाली, तर कारागिराचा हंगाम बुडतो. नवे यंत्र घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. अशा वेळी दुसऱ्या बनावटीची टॉर्च बसविण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. हे काम शक्य आहे. मात्र ते समजून न केल्यास यंत्राची हानी होते आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

प्लाझ्मा म्हणजे काय?

वायू अतिशय तापला की त्याचे अणू विद्युत्भारित होऊन तो वीज वाहू लागतो. या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. नोझलच्या अरुंद छिद्रातून हा झोत वेगाने बाहेर पडतो, धातू वितळवितो आणि वितळलेला रस उडवून लावतो. धातू कापण्याच्या या पद्धतीचे अमेरिकन पेटंट रॉबर्ट गेज यांना १९५७ साली मिळाले. गॅस कटिंगने स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम नीट कापता येत नाही. प्लाझ्माने ते कापता येते. शिवाय साध्या यंत्रास ऑक्सिजनचे सिलिंडर लागत नाही, कॉम्प्रेसरची हवा पुरते.

खरी मेख कोठे आहे?

टॉर्चचे पितळी टोक यंत्रास बसले म्हणजे टॉर्च जुळली, असा समज चुकीचा आहे. झोत पेटविण्याच्या दोन रीती आहेत. अनेक जुन्या स्वस्त यंत्रांत उच्च वारंवारितेची ठिणगी इलेक्ट्रोड व नोझल यांच्यामधील फटीवरून उडते. दुसऱ्या रीतीत इलेक्ट्रोड आरंभी नोझलला टेकलेला असतो. हवेच्या दाबाने तो मागे सरकतो आणि झोत पेटतो. पहिल्या रीतीच्या यंत्रास दुसऱ्या रीतीची टॉर्च जोडल्यास तीव्र ठिणगीने तिचे निरोधन जळू शकते. उलट जोडणी केल्यास झोत पेटणारच नाही. म्हणून यंत्र व टॉर्च यांची पेटविण्याची रीत एकच असावी, हा पहिला नियम होय.

दुसरी बाब प्रवाहाची. यंत्र ४० अँपिअरचे असल्यास टॉर्चही किमान तेवढ्या प्रवाहाची हवी. ठिणगीने पेटणाऱ्या यंत्रास फार लांब केबल लावू नये; लांबीबरोबर ठिणगीचा जोर घटतो. इलेक्ट्रोड, नोझल व आतील कडे ही झिजणारी अंगे त्या टॉर्चचीच असावीत आणि ती जवळच्या बाजारात मिळतात की नाही, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

तारांची जोडणी

मुख्य केबलमधून हवा व प्रवाह दोन्ही जातात. त्याखेरीज ट्रिगरच्या दोन बारीक तारा असतात, आणि आरंभीचा झोत देणाऱ्या यंत्रात नोझलकडे जाणारी एक तार असते. काही टॉर्चमध्ये टोपी सैल असता प्रवाह रोखणाऱ्या सुरक्षेच्या तारा असतात. यंत्रात त्यांना जागा नाही म्हणून त्या परस्पर जोडून टाकणे म्हणजे उघड्या नोझलला हात लावण्यास वाट मोकळी करणे होय. अशी टॉर्च त्या यंत्रास वापरूच नये.

प्लाझ्मा यंत्राचा विद्युत्दाब साध्या वेल्डिंग यंत्राहून कितीतरी अधिक असतो. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरांत वीज साठून राहते. ती उतरली आहे, हे मीटरने पाहिल्याशिवाय झाकण उघडून आत हात घालू नये. हे काम जाणकार विद्युत् कारागिराकडूनच करवून घ्यावे.

नित्याची काळजी

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. दमट हवेने इलेक्ट्रोड लवकर झिजतो. टाकीतील पाणी रोज काढावे व हवेच्या मार्गात गाळणी बसवावी. अर्थिंग पक्के असावे. काळी काच, हातमोजे व बूट यांशिवाय काम करू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापताना निघणाऱ्या धुराने ताप येतो, म्हणून ते काम मोकळ्या हवेत करावे. दुकानासमोर कुतूहलाने उभ्या राहणाऱ्या मुलांना हा झोत उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. शिक्षकांनी वर्गातही हे अवश्य सांगावे.

जुने यंत्र जपून वापरणे ही काटकसर आहे. परंतु टॉर्च विकत घेण्यापूर्वी यंत्राची पाटी व माहितीपुस्तिका वाचण्यात गेलेला अर्धा तास हीच त्या काटकसरीची पहिली पायरी होय.