परसबागेतील कुंती आणि सिट्रस सायला

कुंती, म्हणजेच कामिनी, हे भारतात मूळचे असलेले सदाहरित झुडूप होय. म्यूराया पॅनिक्युलाटा हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या शुभ्र फुलांचा सुगंध संत्र्याच्या बहराची आठवण करून देतो. कुंती व लिंबूवर्गीय फळझाडे रुटेसी या एकाच कुळातील असल्याने संत्रा, मोसंबी व कागदी लिंबावरील सिट्रस सायला ही रसशोषक कीड कुंतीवरही सहज वाढते. नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात किंवा मराठवाड्यातील मोसंबीच्या भागात कुंती लावताना ही बाब विचारात घ्यावी.

लागवड

पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन व भरपूर ऊन मिळणारी जागा निवडावी. पिकलेल्या लाल फळांतील बी ताजे असतानाच पेरावे. साठवणुकीत त्याची उगवणक्षमता लवकर घटते. छाट कलमांनीही अभिवृद्धी करता येते.

किडीचा धोका

सायलाची मादी कोवळ्या नवतीवरच अंडी घालते. पिल्ले रस शोषतात व पांढरा, दोऱ्यासारखा मेणचट पदार्थ सोडतात. प्रौढ ३ ते ४ मि.मी. लांबीचे असून शरीराचा मागील भाग उंचावून बसतात. हीच कीड ग्रीनिंग रोगाच्या जिवाणूचा प्रसार करते आणि रोगग्रस्त झाड पूर्ण बरे करणारा उपचार उपलब्ध नाही. कुंतीच्या कुंपणाची वारंवार कातरणी केल्यास सतत नवती फुटते. त्यामुळे बागेत नवती नसतानाही किडीला आश्रय मिळतो व पुढील नवतीच्या वेळी ती बागेकडे वळते.

व्यवस्थापन

• लिंबूवर्गीय बाग वा रोपवाटिकेलगत कुंतीचे कुंपण करू नये.
• वारंवार कातरणी टाळून फुलोरा संपल्यावर एकदाच छाटणी करावी.
• नवती फुटल्यावर दर आठवड्याला शेंडे तपासावेत. प्रादुर्भाव दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा.
• पानाला चिकटलेली, तपकिरी व गोल छिद्र असलेली मृत पिल्ले ही टॅमारिक्सिया रेडिएटा या परोपजीवी मित्रकीटकाची खूण आहे. तेथे रासायनिक कीटकनाशके वापरू नयेत.
• फुले उमललेली असताना फवारणी करू नये. मधमाश्यांना अपाय होतो.

आसपास लिंबूवर्गीय झाडे नसतील, तर कुंती निर्धास्तपणे लावावी. विस्तार कार्यकर्त्यांनी मात्र सायलाचे सर्वेक्षण बागेपुरते मर्यादित न ठेवता घराभोवतीची कुंती व कढीपत्ता यांचीही पाहणी करावी. कढीपत्त्यावरही ही कीड वाढते.