लेटॉर्टचा ट्राउट इतका चोखंदळ का?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, कार्लाइलमधून वाहणारा लेटॉर्ट हा ओढा चुनखडीतल्या झऱ्यांवर पोसलेला आहे. म्हणून पाणी उन्हाळ्यातही गार, एरवी नितळ आणि संथ. पाणवनस्पती दाट, खाद्य मुबलक. इथल्या ब्राउन ट्राउटला घाई नसते. तो घास निरखून घेतो. म्हणूनच फ्लाय फिशिंगमध्ये गळावरची कृत्रिम माशी हुबेहूब असण्यापेक्षा तिचा आकार आणि प्रवाहाबरोबर मोकळं वाहणं महत्त्वाचं, असं मला वाटतं. दोर ताणून माशी किंचित ओढली गेली, तरी मासा तिला नाकारतो.

कुणी म्हणेल, मग कीटक ओळखायचेच कशाला? ओळखायला हवेतच. काठावरून पडणाऱ्या मुंग्या-तुडतुड्यांसारख्या बारीक कीटकांचं महत्त्व फ्लाय फिशिंगवर लिहिणारे व्हिन्सेंट मरिनारो यांनी १९५०च्या पुस्तकात मांडलं. पण त्यांची गाजलेली ‘जॅसिड’ माशी पाहा: तुडतुड्याचे बारकावे तिच्यात नाहीत. करड्या रानकोंबड्याचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या पक्ष्याचं, छोटं पीस वर सपाट बसवलेलं असतं. खालून पाहणाऱ्या माशाला तेवढी आकृती पुरते. म्हणजे कीटक ओळखायचा तो माशीचं माप आणि आकृती ठरवण्यासाठी, नक्कल करण्यासाठी नव्हे.