सळईवर खिमा टिकतो कसा

सीख कबाब घरी करायचे म्हटलं की पहिली धास्ती एकच असते: खिमा सळईवरून गळून निखाऱ्यात पडला तर? म्हणून कुणी त्यात अंडं फोडतं, कुणी वाटीभर बेसन घालतं. खरं तर खिम्याला बांधून ठेवणारी प्रथिनं मांसातच असतात. मीठ, मळणं आणि थंडावा मिळाला की ती आपलं काम करतात. अंड्याचं काम उलटं होतं. ते आच लागल्यावर घट्ट होतं खरं, पण तोवर खिमा सैल करून ठेवतं, आणि कबाब गळतो तो नेमका त्याच सुरुवातीच्या वेळात.

सुरुवात खाटकाकडून करू. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक बोकडाचं, आणि त्यात अंगची चरबी कमी. अर्धा किलो खिमा हवा असेल तर 400 ग्रॅम खांद्याचं मांस आणि 100 ग्रॅम चरबी घ्यावी, आणि दोन्ही एकत्र मशीनमधून दोनदा काढायला सांगावं. चरबीला नाकं मुरडू नयेत. कबाबाचा रसाळपणा तिच्यातूनच येतो. धुवायचं असेल तर मांस तुकड्यांत असतानाच धुऊन कोरडं करून घ्यावं. खिमा धुतला की तो पाणी धरून बसतो, आणि मग पिळून पिळून किती पिळणार?

कबाबाचा खरा शत्रू पाणीच. कांदा किसून, चिमूटभर मीठ लावून, फडक्यात घट्ट पिळावा. आलं-लसूण मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवण्यापेक्षा खलबत्त्यात ठेचावं. कोथिंबीर धुऊन पूर्ण सुकवावी, मगच चिरावी. एवढं करूनही ओल वाटली तर भाजलेल्या डाळ्यांचं पीठ एक-दोन चमचे घालावं, तेही फक्त ओल टिपण्यापुरतं. कच्ची पपई मात्र मी वगळते. तिच्यातलं पपेन मांसाची प्रथिनं तोडतं. अख्ख्या तुकड्यांना त्याचा उपयोग आहे, पण खिम्याचे धागे मशीनने आधीच तोडलेले असतात. त्यात पपई पडली तर मांसाची पकडच जाते.

आता मळणं. खिमा फ्रिजमधून थेट परातीत घ्यावा. आधी नुसतं मीठ घालावं, अर्ध्या किलोला साधारण 8 ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा चमचा. मिठामुळे मांसातली प्रथिनं विरघळून बाहेर येतात आणि चिकट होतात. तळहाताच्या टाचेने पाच-सहा मिनिटं रगडत मळावं. सुरुवातीला खिमा दाणेदार, सुटा असतो. हळूहळू त्याचा रंग फिकटतो, बोटांना तो चिकटू लागतो, आणि चिमटीत ओढला तर बारीक तंतू दिसतात. मग कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड, गरम मसाला, कोथिंबीर घालून पुन्हा थोडं मळावं. लिंबाएवढा गोळा तळहातावर थापून हात उलटा करावा. गोळा लटकून राहिला तर खिमा तयार. पडला तर आणखी मळायचं. मळताना खिमा हाताच्या उबेने गरम व्हायला लागला तर परात सरळ फ्रिजमध्ये ठेवावी, कारण मऊ पडलेली चरबी सगळीकडे माखते आणि पकड सुटते. मळून झाल्यावर तासभर गार करावा. तेवढ्यात एक छोटी टिक्की तव्यावर भाजून मीठ-मसाला चाखून घ्यावा.

सळई चपटी, निदान बोटभर रुंद हवी. गोल सळईवर खिमा गरगर फिरतो. सळई वळते, कबाब जागच्या जागी राहतो. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर गेलात तर कबाबवाल्याच्या हाताकडे पाहा. सळई कोरडी, हात ओला. मूठभर गोळा सळईवर थापायचा, अंगठा आणि तर्जनीचं कडं करून खाली ओढत न्यायचा, आणि दोन्ही टोकं चिमटून बंद करायची. जाडी सगळीकडे सारखी, दोन सेंटिमीटरच्या आसपास. आत हवेची पोकळी राहू देऊ नये. तिथूनच कबाब फाटतो.

निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की सळया दोन विटांवर टेकवाव्यात, म्हणजे मांस अधांतरी राहतं. जाळीवर ठेवलं तर चिकटतं. पहिली दोन मिनिटं सळई सतत फिरवावी. चहूबाजूंनी पातळ कवच धरलं की मग धास्ती नाही. फ्लॅटमध्ये शेगडी पेटवता येत नसेल तर ओव्हन जास्तीत जास्त तापवून, खोल ट्रेच्या काठांवर सळया आडव्या टेकवाव्यात आणि मधूनमधून वळवत 12 ते 15 मिनिटं भाजावं. तव्यावरही उत्तम होतात, फक्त सळई आखूड हवी. धुराचा वास हवा असेल तर भाजलेल्या कबाबांमध्ये वाटी ठेवून, तिच्यात पेटता कोळसा घालून वर थेंबभर तूप सोडावं आणि पाच मिनिटं झाकण ठेवावं.

भाजणं मात्र पूर्ण हवं. अख्ख्या मांसावरचे जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात; खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 अंश सेल्सिअस दिसायला हवेत. नसेल तर सगळ्यात जाड कबाब मधोमध मोडून पाहावा, कच्चा दिसला तर सगळ्याच सळया परत आचेवर चढवाव्यात. मग दोन-तीन मिनिटं थांबून, कबाब रोटीच्या तुकड्यात धरून सळई ओढून काढावी. कोंबडीचा खिमा वापरणार असाल तर तंगडीचं मांस घ्या, मळताना चमचाभर थंड लोणी घाला आणि आतून 74 अंशांपर्यंत भाजा.