'कबूल है'नंतरचे कागद

रमजानचे शेवटचे दहा दिवस जवळ आले की बल्लारपुरातल्या मुस्लिम घरांत दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक ईदच्या शेवयांचा आणि कपड्यांचा, दुसरा निकाहांचा. रमजानात सहसा लग्ने होत नाहीत. ईद झाली की शव्वाल महिना लागतो आणि कार्यालयांच्या तारखा भराभर जातात. पण बोलणी याच दिवसांत होतात, इफ्तार आणि तरावीहच्या मधल्या तासाभरात, चहाच्या कपावर. मुलगा दम्मामला आहे, दुबईला आहे, लंडनला आहे, ह्यूस्टनला आहे असे कळले की मुलीकडची मंडळी पगार विचारतात, नमाज-रोजा विचारतात, घरचे कोण कोण तेही विचारतात. मुलगी तिकडे कधी आणि कोणत्या कागदावर जाणार, हे विचारायचे मात्र राहून जाते.

निकाह हा मुळात करार आहे. मेहरची रक्कम ठरते, दोन गवाह असतात, वकील आतल्या खोलीत जाऊन मुलीची रजामंदी घेऊन येतो, काजीसाहेब खुतबा पढतात, मुलगा 'कबूल है' म्हणतो, छुहारे वाटले जातात. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे. निकाहनाम्यावर सह्या होतात आणि समाजाच्या दृष्टीने ते दोघे नवरा-बायको होतात. परदेशी वकिलातीच्या दृष्टीने मात्र प्रश्नांना इथूनच सुरुवात होते. हजारो किलोमीटर दूरच्या, उर्दू किंवा मराठीचे एक अक्षर न येणाऱ्या माणसाला हे लग्न खरे आहे हे पटवायचे असते, आणि ते निव्वळ कागदावर.

बल्लारपूर हे कागदाचेच गाव. पण आपले कागद आपसांत जुळत नाहीत. शाळेच्या टीसीवर मुलगी 'बी', आधार कार्डावर 'बानो', निकाहनाम्यात 'बेगम'. वडिलांच्या नावातले 'मोहम्मद' एका ठिकाणी पूर्ण, तर पासपोर्टवर इंग्रजी चार अक्षरांत आटोपलेले. 'शेख' इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो. त्यात उर्दूची स्वतःची गंमत अशी की ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. त्यामुळे निकाहनाम्यातली 'नुसरत' अनुवादकाच्या हाती 'नसरत' होऊ शकते. मोहल्ल्यात कुणाचे काही बिघडत नाही, पण परदेशी अधिकाऱ्यासाठी त्या दोन वेगळ्या बाया असतात. अर्थात हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नाही. गावातल्या तेलुगू कुटुंबांना विचारा. आधी घराण्याचे आद्याक्षर आणि मग नाव, ही त्यांची रीत. पासपोर्टच्या फॉर्मवर 'आडनाव' आणि 'नाव' असे दोन रकाने आले की तिथेही तीच त्रेधा उडते.

तारखेचाही एक घोळ आहे, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. हिजरी दिवस मावळतीला बदलतो. शुक्रवारी इशाच्या नमाजानंतर निकाह झाला, तर हिजरी हिशेबाने शनिवार लागलेला असतो. शिवाय चांद कुठे एक दिवस आधी दिसतो, कुठे नंतर. निकाहनाम्यात नुसती हिजरी तारीख असली आणि अनुवादकाने कोष्टक पाहून इंग्रजी तारीख काढली, तर एक-दोन दिवसांचा फरक सहज पडतो. लग्नपत्रिकेवर एक तारीख, अर्जात दुसरी. काजीसाहेबांकडून दोन्ही तारखा तिथल्या तिथे लिहून घ्याव्यात, हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय.

निकाहनाम्याइतकीच सरकारी नोंदणीही महत्त्वाची. 'सीमा विरुद्ध अश्विनी कुमार' या खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात त्यासाठीचा कायदा त्याआधीच, 1998 सालचा आहे. लग्नानंतर 90 दिवसांत अर्ज, तीन साक्षीदार, सोबत लग्न लावणाऱ्याची, म्हणजे काजी किंवा भटजींची सही. मुदत टळली तरी विलंब शुल्क भरून नोंदणी होते. पण परदेशी नवरा पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला असतो, वलीमा उरकून परत जातो आणि नोंदणीच्या वेळी सही करायला नवराच जागेवर नसतो. मग पुढच्या रजेची वाट. वर्ष असेच निघून जाते. धार्मिक घरांत कधी ऐकू येते, 'अल्लाहसमोर निकाह झाला, आता सरकारचा शिक्का कशाला?' कुरआनातली सर्वांत लांब आयत व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे, याची त्यांना कुणीतरी आठवण करून द्यायला हवी.

खरी अडचण पुराव्याच्या स्वरूपात आहे. अमेरिकेत राहणारा नवरा आधी आय-130 हा अर्ज भरतो. तो तिथला नागरिक असेल तर पत्नीसाठी संख्येची मर्यादा नसते. नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर वेगळी रांग असते, आणि ती कधी कधी वर्षांची असते. सोळा आणे नागरिक आहे की कार्डधारक, हे बोलणीच्या वेळीच विचारायला हवे. त्यानंतर लग्न खरे असल्याचा पुरावा मागतात: दोघांचे एकत्र फोटो, भेटींच्या नोंदी, बोलण्याच्या नोंदी. पण आपल्या निकाहात मुलगी आतल्या खोलीत, मुलगा बाहेर शामियान्यात. पडदा पाळणाऱ्या घरांत दोघांचा एकही फोटो नसतो. म्हणजे लग्न जितके परंपरेला धरून, तितके ते त्या अधिकाऱ्याला संशयास्पद वाटण्याची शक्यता जास्त. निदान रजिस्टरवर सह्या करतानाचे आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसोबतचे चार फोटो काढायला हरकत नसावी. ते अल्बममध्ये नाही लावले तरी चालेल.

फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या निकाहाबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे. वकील नेमून होणाऱ्या अशा निकाहाला अनेक उलेमा जायज मानतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात मात्र लग्नविधीच्या वेळी दोघे एकमेकांसमोर नसतील, तर नंतर दोघांचा प्रत्यक्ष सहवास झाल्याशिवाय ते लग्न व्हिसासाठी धरत नाहीत. ब्रिटनच्या नियमांतही पती-पत्नी प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. रजा मिळत नाही म्हणून स्क्रीनवर 'कबूल है' म्हणून घेतले आणि लगेच अर्ज टाकला, तर त्या अर्जाचा पायाच कच्चा राहतो.

या संशयाला जुना इतिहास आहे. जानेवारी 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ती अविवाहित आहे की नाही हे पाहण्यासाठी अत्यंत अपमानास्पद शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रातून ते बाहेर आले, भारतातही संताप उसळला आणि ती पद्धत बंद करावी लागली. पुढे 1980 च्या दशकात नियम आला की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे. वडीलधाऱ्यांनी ठरवलेले लग्न करणाऱ्याने आपल्या मनातला हेतू सिद्ध करायचा तरी कसा? 1997 साली तो नियम रद्द झाला. आता चाळणी पैशाची आहे. तिथल्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न पूर्वी 18,600 पौंड चालत असे, एप्रिल 2024 पासून ते 29,000 पौंड लागते. हॉटेलात किंवा गोदामात राबणाऱ्या तरुणासाठी तेवढा पगार म्हणजे डोंगर.

आखातात हेतू कुणी विचारत नाही, सरळ पगारपत्रक मागतात. संयुक्त अरब अमिरातीत बायकोला बोलवायचे तर महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायला घर. सौदीत जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 100 रियालचा आकार लागला आणि तो दरवर्षी वाढत 2020 साली 400 वर गेला. बायको आणि दोन मुले म्हणजे दरमहा 1,200 रियाल. 'मुलगा सौदीत आहे' या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मुलगी बल्लारपुरातच राहील' असा असतो. ते वाईटच असे नाही, पण निकाहाआधी तिला ते माहीत असावे.

व्हिसा मिळाला की सगळे पेढे वाटतात. तिकडे पोचल्यावरचे नियम मुलीला कुणी समजावून सांगत नाही. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी अमेरिकेत गेल्यास मिळणारे ग्रीन कार्ड अटींचे आणि दोन वर्षांचेच असते. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. 'माझ्या सहीशिवाय तू इथे राहू शकत नाहीस' ही धमकी इथूनच जन्म घेते, आणि ती अर्धीच खरी आहे. छळ झाला असेल, किंवा लग्न प्रामाणिक होते पण मोडले, तर तिला एकटीला अर्ज करता येतो. दुसरी गोष्ट, नवऱ्याने आय-864 वर सही करून तिच्या निर्वाहाची हमी दिलेली असते. ती हमी तलाकने संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत टिकते, आणि त्या जोरावर ती तिथल्या कोर्टात जाऊ शकते. मेहरच्या रकमेवर रात्र-रात्र घासाघीस करणाऱ्या बुजुर्गांनी या एका कागदाची प्रत मुलीच्या पेटीत ठेवली, तर ते दागिन्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

उलटा प्रवासही होतो. परदेशी सून किंवा जावई भारतात आला, तर नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षे झाल्यावर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ती सवलत नाही. पाकिस्तानातून आलेल्या बायका दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे इतर व्हिसे रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहिले. अटारीच्या फाटकावर मात्र एक पासपोर्ट या देशाचा आणि एक त्या देशाचा अशी घरे उभी दोन झालेली सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. नागपूरच्या जरीपटक्यात राहणाऱ्या सिंधी हिंदू कुटुंबांनाही त्या आठवड्यात आपली व्हिसाची कागदपत्रे पुन्हा काढून पाहावी लागली.

ज्या घरात सून व्हिसाची वाट पाहत असते, तिथला रमजान दोन घड्याळांवर चालतो. बल्लारपुरात सूर्य मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. इथे अस्रनंतर फळे चिरायला घेतली की ह्यूस्टनमध्ये सहरीची वेळ संपत आलेली असते. फोन टेकवून ठेवून ती भजी तळते, तो तिकडे घाईने पाणी पितो.

मुलाखतीची तारीख आली की नागपूर पासपोर्ट कार्यालयाकडून मिळालेले पोलीस पडताळणीचे पत्र, वैद्यकीय तपासणीचा कागद, निकाहनामा आणि त्याचा इंग्रजी अनुवाद असे सगळे एका फाइलीत बांधून बाप-लेक ताडोबाच्या वाघांची चित्रे रंगवलेल्या बल्लारशाह स्टेशनावर गाडीत बसतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात तिला एकटीनेच जावे लागते. मोबाइल आत नेता येत नाही, तो वडिलांकडे राहतो. तिकडे रात्र असते आणि जावई जागा असतो. फुटपाथवर उभ्या बापाच्या हातात लेकीचा फोन वाजत राहतो, आणि 'अजून आतच आहे' यापलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते.