जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी

एरंडोल-पारोळ्याकडच्या एखाद्या खळ्यात आजोबांची जीप ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असते आणि मग नातवाला ती चालू करण्याची हौस येते. फिटर आधी टाकी उतरवतो. महिंद्राच्या जुन्या जीपची टाकी तर चालकाच्या बैठकीखालीच! तेव्हा तिची हयगय नको.

टाकीत गंज येतो कुठून? आपल्याकडे दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो. निवताना बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात ती ओली असते. तिच्यातले पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तळाशी बसते आणि तिथेच लोखंड खाते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉलही पाणी शोषून घेते.

आता मुख्य गोष्ट. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, हे पुष्कळांना पटत नाही. पण जळते ती वाफ. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात झाले, की एक ठिणगी पुरे. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती आत दबा धरून बसते, गंजाच्या खपल्यांतही मुरते. म्हणून ‘दोन बादल्या पाणी ओतले, आता झाळून टाक’ असे कोणी म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. डाग देणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे.

प्रथम बॅटरीची तार सोडा. पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढा. नळी तोंडाने ओढू नका. टाकी उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब न्या. काटा दाखवणारा तरंगता भाग काढा. गरम पाणी व धुण्याचा सोडा घालून तीन-चारदा खळबळा. गंज दाट असेल, तर मूठभर नट टाकून हलवा. मोजून टाका, मोजून काढा! मग दहा लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत विरघळवून रात्रभर ठेवा. बूच गच्च लावू नका, आत वायू निघतो. आतून जस्ताचा मुलामा असेल, तर मात्र लिंबूसत नको. ते मुलामाच खाते.

सकाळी सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारा, धुवा आणि लगेच कडक उन्हात वाळवा. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा होतो. वाळल्यावर थोडे स्वच्छ पेट्रोल फिरवून ओता, नवा फिल्टर घाला, मगच टाकी बसवा.

धुवण विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका. आपल्याकडे 2000 सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसे असे. जुन्या टाकीच्या गाळात ते अजून असू शकते.

शिक्षकांनी वर्गात तीन खिळे ठेवून दाखवावेत: एक कोरडा, एक पाण्यात, एक तेलात. आठवड्याने पोरेच कारण सांगतील.