भिंतीआडच्या नळवाहिन्या आणि घराचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबात दुकानातील मालाची मोजदाद वर्षातून एकदा तरी होते. येणे-देणे तपासले जाते, बुडीत रकमांचा निर्णय होतो आणि पाडव्याला नवी वही उघडते. परंतु ज्या घरात आपण राहतो त्याच्या भिंतींत दडलेल्या नळवाहिन्यांची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. त्या बसवून किती वर्षे झाली, त्या कोणत्या धातूच्या आहेत आणि बदलण्याची वेळ आल्यास किती रक्कम लागेल, हे प्रश्न बहुधा भिंतीला ओल आल्यावरच विचारले जातात. तोपर्यंत खर्च आपल्या सोयीने करण्याची संधी निघून गेलेली असते.

वाहिन्या निकामी का होतात?

काही दशकांपूर्वी बांधलेल्या बहुतेक घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, म्हणजे जी. आय. पाइप बसवलेले आहेत. जस्ताचा थर लोखंडाचे रक्षण करतो. मात्र तो हळूहळू झिजतो. प्रथम आटे पाडलेल्या जोडांजवळ गंज धरतो. पाणी कूपनलिकेचे व जड असेल, तर आतून क्षारांचे थर बसतात. १५ मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपात सर्व बाजूंनी ३ मिलिमीटर थर जमला, तर व्यास ९ मिलिमीटर उरतो आणि पाणी वाहण्याची जागा मूळच्या केवळ ३६ टक्के राहते. वरच्या मजल्यावर धार बारीक होण्याचे कारण पुष्कळदा टाकीत नसून पाइपात असते.

आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत असल्याने एक लक्षण आपल्याला इतरांपेक्षा लवकर दिसू शकते. नळाला बांधलेले गाळण्याचे पांढरे कापड सकाळच्या पहिल्या पाण्याने तांबूस होऊ लागले, तर गंजाची ती पहिली सूचना समजावी. त्यानंतर जोडांवर पांढरट क्षार, रंगाचे पोपडे व खालच्या मजल्याच्या छतावर डाग ही लक्षणे क्रमाने दिसतात. सर्व नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा टिपावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल, तर गळती नक्की आहे. सेकंदाला एक थेंब पडला, तरी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी वाया जाते. थेंबभर पाणीही जपून वापरणाऱ्या घराला ही नासाडी रुचणारी नाही.

एखादा जोड गळत असेल तर तेवढीच दुरुस्ती पुरेशी आहे. परंतु एकाच वर्षात निरनिराळ्या ठिकाणी दोन-तीन गळत्या निघाल्या, तर संपूर्ण वाहिनीचे आयुष्य संपत आल्याचे ओळखावे. अशा पाइपाला ठिगळ लावल्यास दाब पुढच्या कमकुवत जागी जातो आणि फरशी पुन्हा फोडावी लागते.

खर्चाची खरी फोड

पाइप बदलण्याचा खर्च म्हणजे पाइपांची किंमत, असा समज सर्वत्र आढळतो. मांडणी समजावी म्हणून दोन स्नानगृहे व एक स्वयंपाकघर असलेल्या घराचे एक नमुन्याचे अंदाजपत्रक पाहू. दर प्रत्येक गावी निराळे असतात. येथे रकमांपेक्षा त्यांच्या परस्पर प्रमाणाकडे लक्ष द्यावे.

पाइप, जोड व व्हॉल्व्ह : २५,००० रुपये
प्लंबरची मजुरी : २५,००० रुपये
तोडफोड व राडारोडा उचलणे : १५,००० रुपये
वॉटरप्रूफिंग : २०,००० रुपये
फरशी, टाइल्स व गवंडीकाम : ६०,००० रुपये
नळ, शॉवर इत्यादी : १५,००० रुपये
अकल्पित खर्चासाठी दहा टक्के : १६,००० रुपये
एकूण : १,७६,००० रुपये

यात पाइपांचा वाटा सुमारे एक सप्तमांश आहे. फोडणे आणि पुन्हा पूर्ववत करणे यांवर मात्र ९५,००० रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम जाते. पाइपांत हलका माल घेऊन ५,००० रुपये वाचवले, तर बचत एकूण खर्चाच्या तीन टक्क्यांहूनही कमी होते. आणि तो पाइप लवकर फुटला तर ९५,००० रुपयांचे काम पुन्हा करावे लागते. व्यापाऱ्याला यातील तोटा निराळा सांगावा लागू नये.

खर्च कमी करण्याचा योग्य मार्ग तोडफोड टाळण्यात आहे. जुने पाइप भिंतीत तसेच बंद करून ठेवावेत आणि नवी वाहिनी शक्य तेथे डक्टमधून किंवा भिंतीच्या बाहेरून न्यावी. दिसण्यात थोडी उणीव राहते. परंतु फरशीचा मोठा खर्च वाचतो आणि पुढे गळती झाल्यास ती त्वरित सापडते.

कोणता पाइप निवडावा?

घरातील थंड व गरम पाण्यासाठी आज सी. पी. व्ही. सी. पाइप अधिक वापरले जातात. ते गंजत नाहीत आणि गरम पाणी सोसतात. साधा यू. पी. व्ही. सी. पाइप थंड पाण्यासाठी ठीक आहे; गिझरच्या वाहिनीला तो चालत नाही. खरेदी करताना पाइपावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व मानक क्रमांक पाहावा : सी. पी. व्ही. सी.साठी १५७७८, पिण्याच्या पाण्याच्या यू. पी. व्ही. सी.साठी ४९८५ आणि सांडपाण्याच्या पाइपांसाठी १३५९२. सांडपाण्याच्या पाइपांत ‘अ’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी व हवा खेळण्यासाठी असतो, तर शौचालय व मोरीसाठी जाड ‘ब’ प्रकार लागतो. पी. व्ही. सी. पाइपांतील शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले आहेत. त्यामुळे पिण्याच्या पाण्याकरिता बिनचिन्हाचा स्वस्त पाइप घेणे आरोग्याच्या दृष्टीनेही अनुचित आहे.

खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांमुळे होणारी गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे. सदनिकेच्या आतील स्वच्छतागृह, सिंक इत्यादींची गळती सदस्याने स्वखर्चाने थांबवावयाची असते. म्हणून गळतीचा उगम प्रथम निश्चित करून घ्यावा आणि मगच पत्रव्यवहार सुरू करावा.

खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेल्या सामाईक घरांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबात थोरल्या बंधूंचे कापडाचे दुकान तळमजल्यावर आणि धाकट्यांचे बिऱ्हाड वर होते. मोरीची वाहिनी बदलावयाची हे दोघांनाही मान्य होते. निम्मा खर्च कोणी आधी काढावा यावर तीन वर्षे निर्णय झाला नाही. लग्नसराईच्या तोंडावर एका रात्री पाइप फुटला आणि खालच्या फडताळांतील साड्यांच्या थप्प्या भिजल्या. मालाचा विमा होता. परंतु विम्याची रक्कम साठ्याच्या निम्मीच असल्याने नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात मिळाली. माल पुढे भरून निघाला. दोन्ही घरांतील बोलणे मात्र वर्षभर बंद राहिले आणि वृद्ध आईला दोन चुलींमध्ये आपले दिवस वाटून घ्यावे लागले.

अशा घरांत साधी लेखी नोंद पुरते. टाकीपासून मजल्यापर्यंतची सामाईक वाहिनी मालकीच्या हिश्श्यानुसार, प्रत्येकाच्या बिऱ्हाडातील वाहिनी ज्याची त्याने, आणि तातडीच्या वेळी कोणीही आधी खर्च करून पावती दाखवल्यास इतरांनी महिन्याभरात आपला हिस्सा द्यावा, एवढे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. भावाभावांत कागद कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नात्यावरचा ताण कागदाने कमीच होतो.

विमा, कर आणि तरतूद

अग्निविम्याच्या प्रचलित पॉलिसींत पाण्याच्या टाक्या व पाइप फुटल्याने होणारे नुकसान सामान्यतः समाविष्ट असते. हळूहळू पाझरणारी ओल आणि जुनेपणाची झीज मात्र वगळलेली असते. घराच्या पॉलिसीत दुकानाचा माल येत नाही. त्यासाठी स्वतंत्र विमा हवा आणि त्याची रक्कम दरवर्षी साठ्याशी ताडून पाहावी.

घर व दुकान यांची बिले वेगवेगळी घ्यावीत. घरगुती भागावरील वस्तू व सेवा कराची वजावट मिळत नाही. दुकानाच्या भागाबाबत आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. व्यवसायाच्या खर्चात एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात सामान्यतः अमान्य होतो, हेही स्मरणात असू द्यावे.

आता तरतुदीचा विचार. वरील १,७६,००० रुपये २५ वर्षांत विभागले, तर महिन्याला ६०० रुपयांहूनही कमी पडतात. हीच रक्कम ऐनवेळी १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर मासिक हप्ता सुमारे ५,८४५ रुपये होतो आणि व्याजापोटी सुमारे ३४,४०० रुपये जातात. म्हणून घरदुरुस्तीसाठी एक छोटे आवर्ती ठेव खाते स्वतंत्र ठेवावे आणि त्यातून अन्य खर्च करू नये.

काम करवून घेताना

दिवाळीनंतर कामास आरंभ करून अक्षय्य तृतीयेपूर्वी ते संपवावे. भिंती कोरड्या असल्याने वॉटरप्रूफिंग नीट बसते, आणि चातुर्मासात घरात व्रते, उकळलेल्या पाण्याचे नियम व पारण्याची लगबग असताना नळ बंद ठेवण्याची वेळ येत नाही. किमान तीन जणांकडून बाबनिहाय दरपत्रके मागवावीत. गोळाबेरीज रकमेचे दरपत्रक तुलनेस निरुपयोगी असते. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी : थोडी आगाऊ, मोठा भाग दाबचाचणी आपल्यासमोर यशस्वी झाल्यावर, आणि दहा टक्के काम संपल्यावर महिन्याभराने. दाबचाचणी होईपर्यंत एकही टाइल बसवू देऊ नये. प्रत्येक खोलीच्या वाहिनीला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. अल्प खर्चात तो पुढे पुष्कळ त्रास वाचवतो.

गिलावा होण्यापूर्वी उघड्या भिंतींची छायाचित्रे मोजपट्टी धरून काढावीत. ती छायाचित्रे, बिले, हमीपत्रे आणि बदलाची तारीख घराच्या खरेदीखतासोबत ठेवावीत. पुढील पिढीला घर देताना त्याच्या भिंतींत काय आहे हेही लिहून दिले, तर तिला ओल आल्यावर अंदाजाने भिंत फोडावी लागणार नाही.